उकड्या तांदळाची बादली

साखळीच्या मैदानावर बेस नाहीत,
चार गोणपाटं आहेत, चिऱ्याच्या तुकड्यांनी दाबलेली.
पिचरचा उंचवटा दर वर्षी मीच रचतो,
लाल माती, वर पाणी, वर माझेच पाय.
फुटबॉलवाले हसतात. हसू देत.

सर्वज्ञ माजीक, वय चौदा, बोटं लांब.
पहिल्याच दिवशी आला तो फेकायला.
मी म्हटलं, चेंडू ठेव खाली.
आधी बस, ऊठ. आता एका पायावर बस,
आणि तसाच ऊठ, वीस वेळा.
म्हणाला, सर, मी फेकणार हाताने.
हाताने कोणीच फेकत नाही रे पुता.
जमीन फेकते.
टाच ते उचलते, मांडी वर पोचवते,
कंबर वळून खांद्याच्या हवाली करते,
आणि कोपर म्हणजे सायकलवरचा पोदेर.
पाव त्याने भाजलेले नसतात,
तो नुसते दारात आणून देतो.
त्याच्या टोपलीत भट्टीच कोंबलीस
तर सायकल मोडणार.

मग खिडकीच्या गजाला टायरची जुनी ट्यूब.
कोपर बरगडीला चिकटवायचं,
मूठ बाहेर ओढायची, हळू,
आणि परत आणायची त्याहून हळू.
घाई केलेली खांद्याला कळते,
तो लगेच काही बोलत नाही, एवढंच.

आणि बादली.
पाच किलो उकडे तांदूळ, घरून आणलेले.
त्यात हात खुपसायचा कोपरापर्यंत,
मूठ मिटायची, उघडायची, बोटं फाकायची,
तळाशी पोचून मनगट फिरवायचं.
दाणे अडवतात, पण दुखवत नाहीत.
असं अडवणारं माझ्या वाट्याला कोणी आलं नव्हतं.

त्याची आई, सुलक्षा, मैदानाच्या कडेला उभी राहून
एकदाच म्हणाली, मास्तर, तांदूळ परत मिळतले मा?
दर शनिवारी ते धुऊन ती पेज करते.
सर्वज्ञ सांगतो, पेजेला चेंडूच्या चामड्याचा वास येतो.
खातो मात्र दोन वाडगे, खाऱ्या आंब्याबरोबर.

माझ्या वहीत काड्या असतात,
चार उभ्या, पाचवी आडवी.
सामन्यात पंच्याहत्तरावी आडवी पडली
की संपलं. देव आला तरी संपलं.

फोंड्याला उपांत्य सामना.
शेवटचा डाव, त्यांचे दोन बाद,
पहिल्या बेसवर एक, आणि आम्ही एका धावेने पुढे.
काडी आडवी पडली.
मी चालत गेलो, तळवा पुढे केला.
चेंडू द्यायला त्याने वेळ लावला.
दुखत नाही, सर.
मी म्हटलं, ठाऊक आहे. म्हणूनच.

दर्शन च्यारीने टाकलेला पहिलाच चेंडू
कुंपणावरून काजूच्या रानात गेला.
शोधायलाही कोणी गेलं नाही.

बसमध्ये माझ्याशी कोणी बोलेना.
जागा नव्हती, मी उभाच.
सत्त्याण्णव साली कोणी मोजत नसे,
एका दिवसात दोन सामने, मधे एक लिंबूसोडा,
रात्री सुजलेल्या कोपराला मासळीच्या पेटीतला बर्फ,
आणि सकाळी सगळे म्हणत, काय हात आहे!
हे मी मुलांना कधी सांगितलेलं नाही.
सांगितलं की गोष्ट होते,
आणि गोष्टीतला मोडलेला हात
चौदाव्या वर्षी फार देखणा दिसतो.

उसगावच्या वळणावर बस कलली.
वरची दांडी मी डाव्या हाताने पकडली,
उजवा तिथवर पोचत नाही,
सरळही होत नाही, थोडा राहतोच.
सर्वज्ञ समोरच्या सीटवर होता.
त्याने पाहिलं, मग बाहेर पाहिलं,
मग पुन्हा पाहिलं.
रुसवा होताच चेहऱ्यावर, तो काही गेला नाही.

सोमवारी मैदानावर पोचलो
तर त्याची बादली आधीच आलेली,
आणि शेजारी दुसरी, निळी, लहान,
कान तुटलेली, अर्धी भरलेली.
आईने दिली, तो म्हणाला, ट्यूब ओढता ओढता.
तुमच्यासाठी.
शनिवारी परत करायचे.